लेसरनंतरचे पंधरा दिवस

मराठवाड्यात लग्नसराई आणि उन्हाळा हातात हात घालून येतात. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास नांदेड आणि लातूर येथील पारा चाळिशी ओलांडतो आणि त्याच आठवड्यांत घरोघरी बस्ता, मेहंदी व हळदीची धावपळ सुरू असते. अलीकडे या धावपळीत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. विवाह ठरलेल्या मुली चेहऱ्यावरील व हातापायांवरील नकोसे केस लेसरने काढून घेतात. देगलूर, मुखेड, कंधार येथील मुली त्यासाठी नांदेडला जातात. उदगीर, निलंगा, औसा येथील लातूर गाठतात. चेहऱ्याचा उपचार अर्ध्या तासाच्या आत आटोपतो, पावती हातात पडते आणि काम पूर्ण झाले असे समजून मायलेकी दुपारच्या बसने परततात. वस्तुतः त्वचेच्या दृष्टीने खरे काम त्या क्षणी सुरू झालेले असते.

लेसर केस उपटत नाही. केसातील मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य प्रकाश शोषून घेते, त्याची उष्णता होते आणि त्या उष्णतेने केसाचे मूळ दुबळे होते. रंगद्रव्याने शोषलेल्या प्रकाशाचा असा नेमका उपयोग करता येतो, हा सिद्धान्त अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी संशोधकांनी १९८३ मध्ये मांडला. अडचण इतकीच की, हेच मेलॅनिन आपल्या सावळ्या व गव्हाळ त्वचेतही भरपूर असते. म्हणून थोडी उष्णता त्वचेलाही मिळते. गोऱ्या कातडीवर जे चटकन विरून जाते, ते आपल्याकडे काळ्या डागाच्या रूपाने काही महिने मागे राहू शकते. १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग लेसर सावळ्या त्वचेसाठी अधिक सुरक्षित मानला जातो तो याच कारणाने. कोणते यंत्र वापरणार, हा प्रश्न उपचारापूर्वी विचारण्यात संकोच नसावा.

उपचारानंतर केसांच्या मुळांभोवती लाली येणे, बारीक पुरळासारखी सूज दिसणे व उन्हाने पोळल्यासारखी आग होणे, हे स्वाभाविक आहे. ते बहुधा काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत ओसरते. यावर उत्तम उपाय म्हणजे गार पाण्यात भिजवून पिळलेली स्वच्छ, मऊ कापडाची घडी दहा-दहा मिनिटे ठेवणे. बर्फ थेट त्वचेवर घासू नये. त्याने निराळीच इजा होते. ज्या घरांत बर्फ वर्ज्य आहे, तेथे माठातील गाळलेले पाणी पुरेसे आहे. ज्या घरांत कोरफड अनंतकाय म्हणून टाळली जाते, त्यांनीही कोरफडीच्या जेलविना काही अडेल असे मानू नये. टूथपेस्ट, तूप, लिंबू हे घरगुती प्रयोग मात्र कटाक्षाने टाळावेत.

पहिले दोन दिवस उष्णतेपासून दूर राहावे. कढत पाण्याने स्नान, वाफ घेणे, घाम गाळणारा व्यायाम आणि तव्यासमोर तासन्‌तास उभे राहणे, यांपैकी काहीही नको. घरात पाहुण्यांची पंगत असली तरी त्या दोन दिवसांपुरती पोळ्यांची जबाबदारी दुसऱ्या कोणी घ्यावी. अत्तर आणि डिओडोरंट तितकेच दिवस बाजूला ठेवावे. ब्लीच, फेशियल व मुरुमांवरील तीव्र मलमे आठवडाभर लावू नयेत आणि पुन्हा सुरू करताना डॉक्टरांना विचारावे.

हळदीचा प्रश्न नाजूक आहे. उटण्यातील बेसन आणि चंदन चोळले जाते तेव्हा पोळलेली त्वचा खरवडली जाते, आणि हळदीचीही काहींना ॲलर्जी असते. तेव्हा उपचार नुकताच झाला असल्यास त्या भागाला हळद लावू नये. कपाळाला व हातांना बोट टेकवूनही विधी पूर्ण होतो. काकू-मामींनी एवढे समजून घेतले तर नवरीला त्रास होणार नाही.

सर्वांत मोठा शत्रू ऊन. लाली ओसरली म्हणजे धोका टळला, असे नाही. पुढील किमान दोन आठवडे उन्हापासून काटेकोर जपावे लागते. एसपीएफ ३० किंवा अधिक असलेले सनस्क्रीन चेहरा व मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके घ्यावे आणि बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावे. स्कूटरवर बांधला जाणारा स्कार्फ उपयोगी आहे, परंतु तो धुतलेला, सुती व सैल हवा. घट्ट बांधलेला, घामट स्कार्फ त्वचा घासतो. मोटारीची काच बंद आहे म्हणून निर्धास्त राहू नये. त्वचा काळवंडवणाऱ्या अतिनील-अ किरणांचा बराच भाग साध्या काचेतून आत येतो. नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा, अहमदपूर, चाकूर ओलांडत खिडकीशी बसून केलेला दुपारचा प्रवास म्हणूनच महागात पडतो. भेटीची वेळ सायंकाळची घ्यावी, अथवा सावलीच्या बाजूची जागा धरावी.

उपचारानंतर एक ते तीन आठवडे केस उगवल्यासारखे दिसतात. ते नव्याने उगवत नसतात, गळून पडत असतात. ते ओढू नयेत. दोन भेटींच्या मध्ये वॅक्सिंग, थ्रेडिंग वा चिमटा वापरू नये, कारण मूळच उपटले तर पुढच्या वेळी लेसरला लक्ष्यच उरत नाही. वस्तरा चालतो. वस्तऱ्याने केस दाट होतात हा समज निराधार आहे.

प्रसाधने निवडताना आपल्या घरांतील आणखी एक विचार येतो. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून मिळते, बीजवॅक्स मधमाश्यांच्या पोळ्यातून, तर ग्लिसरीन वनस्पतिज किंवा प्राणिज असू शकते. पेट्रोलियम जेली खनिज तेलापासून बनते. भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना २०१४ पासून बंदी आहे. घटकांची यादी मात्र ज्याची त्यानेच वाचावी लागते. सुगंधविरहित, साधे मॉइश्चरायझर सर्वांत बरे.

फोड, खपली, पू, वाढती वेदना किंवा दोन दिवसांनंतरही टिकलेली गडद लाली दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. फोड फोडू नये. विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथेही दाखवता येते. खरी हानी बहुतेकदा लपवण्यातून होते. लग्न तोंडावर आले आहे, सासरी कळेल, या भीतीने मुलगी गप्प राहते आणि औषधाच्या दुकानातून कोणीतरी सुचवलेले स्टिरॉइडयुक्त मलम आणते. डॉक्टर असे मलम कधी मोजके दिवस देतात. परंतु स्वतःच्या मनाने ते महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, मुरुम येतात आणि त्या जागी केसही वाढू शकतात. ज्यासाठी एवढा खर्च केला, तेच पुन्हा पदरी पडते.

उरला वेळेचा हिशेब. उपचार एका बैठकीत संपत नाही. साधारण सहा ते आठ बैठका लागतात. सहा आठवड्यांच्या अंतराने सहा बैठका धरल्या तर पाच अंतरे होतात, म्हणजे तीस आठवडे. शेवटची बैठक लग्नाआधी किमान महिनाभर व्हावी. याचा अर्थ एकूण आठ महिने. वैशाखातील लग्नासाठी श्रावणात आरंभ केला तर हे गणित जुळते. चातुर्मासात प्रवास आणि समारंभ कमी असतात, उन्हाचा तडाखाही नसतो. चैत्रात सुरू करून वैशाखापूर्वी संपवण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर त्यावर विसंबू नये. केस कायमचे नाहीसे होत नाहीत, ते दीर्घकाळ कमी राहतात, हेही आधीच समजून घ्यावे. हनुवटीवरील केसांसोबत मासिक पाळी अनियमित असेल तर प्रथम संप्रेरकांची तपासणी करावी. कारण शरीरात राहिले, तर केवळ लेसरने भागत नाही.

पैसे आगाऊ भरताना पावतीवर बैठकांची संख्या, शरीराचा भाग आणि अर्धवट सोडल्यास परताव्याची अट लिहून घ्यावी. प्रत्येक बैठकीपूर्वी त्या भागाचे एक छायाचित्र काढून ठेवावे. आणि घरात मुलीला एवढे सांगून ठेवावे की, काही बिनसले तर आधी आईला सांग. लग्नाची तारीख नंतर पाहू.