गुणांची वही

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून पायपीट करीत येणाऱ्या आदिवासी पोरांना बरेचदा तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक शिकवतात. मानधन तासागणिक, नेमणूक वर्षापुरती. पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत! कायम व्हायचे तर संशोधनाचे गुण हवेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली हे गुणांकन आणले आणि पैसे घेऊन शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. २०१८ च्या नियमांनीही निबंध मोजणे सोडले नाही. वारली बोलणाऱ्या पोराकडून प्रमाण मराठीत पहिला परिच्छेद लिहून घेतला, त्याला किती गुण? प्रमाण भाषेच्या उंबऱ्यावर आम्ही मुस्लिम मराठी लेखकही ताटकळलो आहोत, म्हणून विचारतो. मूल्यमापन जरूर करा. आधी बारा महिन्यांचा पगार द्या.