अडगीमनीचे कपाट

दसरा जवळ आला की बेळगावातल्या रंगाच्या दुकानांत गर्दी होते. पावसाच्या दमट हवेत ऑइल पेंट नीट वाळत नाही, म्हणून आपल्याकडे तोवर हे काम शक्यतो कुणी काढत नाही. भिंतींसाठी रंगारी बोलवावा, पण स्वयंपाकघरातल्या कपाटांची दारे घरच्या घरी उत्तम रंगवता येतात.

आमच्या घरात सासूबाईंची भाषा कन्नड, माझी मराठी आणि मुलांची दोन्हींची मिसळ. स्वयंपाकघराला मात्र सगळेच 'अडगीमनी' म्हणतो. तिथले सागवानी कपाट सासऱ्यांनी पस्तीस वर्षांपूर्वी करून घेतलेले, गडद हिरव्या रंगाचे. मुलांना ते काढून मॉड्युलर किचन हवे होते. "कटगी गट्टी ऐती, बण्णा हच्चिद्र साकु," म्हणत सासूबाईंनी निकाल दिला.

रंग खरवडायची घाई मात्र मी होऊ दिली नाही. कारण होते जाऊबाईंचे दहा महिन्यांचे बाळ. ते घरभर रांगते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. जुन्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या रंगांत, शिसे असण्याची शक्यता मोठी. मराठीत शिसे, कन्नडात सीस, दोन्हीकडे विषच. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो आणि त्याचे सुरक्षित असे प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या राज्यात बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. थुप्पिल वेंकटेश यांनी या प्रश्नावर वर्षानुवर्षे काम केले. घरगुती रंगांतले शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा केंद्र सरकारचा नियम २०१६ साली निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यांवर अशी सक्ती नव्हती. म्हणजे आपल्या आजोळच्या, सासरच्या बहुतेक रंगीत कपाटांबाबत शंका घ्यायलाच हवी.

म्हणून जुना रंग घट्ट बसलेला असेल तर तो लाकडापर्यंत काढूच नये. फक्त त्याची चकाकी मारावी, तीही ओल्यानेच. कोरडे घासले की धूळ उडते, भांड्यांवर आणि जमिनीवर बसते. दिव्याने जाळून रंग काढणे तर त्याहून वाईट. आम्ही बाळाला दोन दिवस आजोळी पाठवले, भांडी आणि डबे दुसऱ्या खोलीत हलवले. घरात कुणी गरोदर असेल तर तिलाही या कामापासून दूर ठेवावे.

पद्धत सोपी आहे. दारे बिजागऱ्यांसकट उतरवावीत आणि मागे आकडे घालावेत, नाहीतर बसवताना गोंधळ होतो. फोडणीच्या धुराचा चिकट थर धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने काढावा आणि साध्या पाण्याने पुसून घ्यावे. मग २२० नंबरचा वॉटर पेपर भिजवून हलक्या हाताने फिरवावा. निघालेला चिखल जुन्या फडक्याने टिपून पिशवीत बांधून टाकावा. ते पाणी परसातल्या अळूत ओतू नये. जमीन झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. लाकूड वाळले की खाचांत लांबी भरावी, प्रायमरचा एक हात द्यावा आणि वर रंगाचे दोन पातळ हात. जाड एकच हात दिला तर ओघळ येतात. दारे आडवी ठेवून रंगवावीत, दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्यावी. पाण्यात कालवायचे एनॅमल घेतले तर वासही कमी येतो. नव्या डब्यावर शिसे नसल्याचा उल्लेख आहे ना, तेवढे दुकानातच वाचून घ्यावे. फळ्यांना आतून रंग न देता कागद अंथरावा.

आमचे कपाट आता फिकट दुधी रंगाचे झाले आहे. खर्च मॉड्युलरच्या तुलनेत नगण्य, आणि सासऱ्यांचे सागवान घरातच राहिले. मुलांनी दारे उतरवली, आकडे घातले, रंगही दिला. मॉड्युलरचा विषय त्यानंतर कुणी काढलेला नाही. तुमच्याकडे असे जुने कपाट असेल तर जरूर रंगवा. पण पॉलिश पेपर हातात घेण्याआधी घरात रांगते मूल आहे का, ते बघा आणि बादलीभर पाणी जवळ ठेवा.