रात्रीचा दिवा आणि ज्येष्ठांचे पडणे

मागच्या पावसाळ्यात जळकोटच्या एका पंच्याहत्तरीच्या आजींना नातू दवाखान्यात घेऊन आला. पहाटे तीनला लघवीला उठल्या, उंबऱ्याला अडखळून पडल्या आणि मनगट मोडले. खुबा वाचला हे नशीब. विशेष म्हणजे त्यांच्या खोलीत आवाजाने लागणारा दिवा होता, पुण्याच्या मुलाने दिवाळीत हौसेने बसवलेला. आजींनी हाक मारली, पण दिवा लागला नाही. झोपताना त्यांनी भिंतीवरचे बटण बंद केले होते! वीज वाया घालवायची नाही, ही जन्माची सवय. असा बल्ब आवाज ऐकून लागायचा तर बटण चालूच ठेवावे लागते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

"डॉक्टर, ही श्रीमंतांची हौस ना?" असे बरेच जण विचारतात. मला तसे वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे दगावतात. त्यात साठीपुढचे सर्वाधिक. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात, वयानुसार आणखी जास्त. त्यात बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर झटकन उभे राहिल्यावर वरचा रक्तदाब २० किंवा त्याहून जास्त अंकांनी उतरू शकतो आणि चक्कर येते. बटण शोधत भिंत चाचपडायची वेळ नेमकी हीच. अंथरुणातूनच दिवा लागला, मिनिटभर कडेला बसून मग उठले, तर धोका बराच कमी होतो.

पण बसवणाऱ्याने आपल्या सोयीने नव्हे, आईवडिलांच्या सोयीने बसवावे. दिव्याला सोपे नाव द्या. 'बेडरूम लाईट टू' आजींच्या तोंडी बसणार नाही. गुगल असिस्टंटला २०१८ पासून फोनवर मराठी कळते, अलेक्साला २०१९ पासून हिंदी. रूटीनमध्ये आपले वाक्य ठरवता येते; एका वाक्यावर खोलीतला आणि बोळातला, दोन्ही दिवे मंद पिवळे लागावेत. पांढरा झगझगीत प्रकाश मेलाटोनिन कमी करतो, मग पुन्हा झोप येत नाही. आपल्याकडे लाईट जाते-येते. ती परत आल्यावर काही बल्ब आपोआप पूर्ण उजेडात लागतात. ॲपमध्ये ती सेटिंग बघून घ्या.

आणि सगळा भार आवाजावर टाकू नका. पार्किन्सनमध्ये आवाज बारीक होतो, पक्षाघातानंतर जीभ जड होते. यंत्राला ते कळेलच असे नाही. लाईट गेली की वायफायही जाते. म्हणून माणूस हलला की आपोआप लागणारा बॅटरीचा छोटा दिवा मी आधी सांगतो, आवाजाचा नंतर. आपल्याकडे अनेक घरांत संडास परसात असतो, तिथपर्यंत वाटेत असे दोन-तीन दिवे लावा. मोरीजवळचे ओले पायपुसणेही उचला.

आजींच्या बटणावर आता चिकटपट्टी आहे आणि दिव्याचे नाव 'बत्ती'. बीपीच्या गोळीची वेळही बदलली. परवा तपासायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "लागतो बघा दिवा. पण माझ्याच घरात मला हिंदी बोलायला लावलं लेकानं."