पाणी जातं कुठे?



चातुर्मासात ड्रायर नको, अग्निकायाची हिंसा होते, असं परवा ऐकलं. मग खोलीतल्या दोरीवर चार दिवस कुबटणाऱ्या कपड्यांचं काय? बुरशी म्हणजे अनंतकाय, आणि ती पुसणं तर हिंसाच!

पण ड्रायर घेऊनही भिंत काळी पडते, तो दोष आपला. मी बी.कॉम., हिशेब सुटत नाही: पिळलेले कपडे वाळून २ किलोने हलके झाले, तर २ लिटर पाणी वाफ होऊन खोलीतच राहिलं. मोऱ्याची खारी हवा आधीच दमट. वाफेची नळी खिडकीबाहेर काढा, आखूड, सरळ. जाळीतला कपड्यांचा भुसा दर वेळी काढा. काचेला भोक पाडायला आमच्याकडे दोन पावसाळे टाळाटाळ झाली. भिंत पुसत मीच होते.