सेल्फ गेला म्हणण्याआधी मायनसची वायर बघा



आज पिकावर नाही, ट्रॅक्टरवर लिहितोय. जरा कडक लिहिणार हाय, राग मानू नका.

2025 च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तवा आमच्या परंडा तालुक्यात नदीकाठची रानं पाण्याखाली गेली. माझा ट्रॅक्टर शेडमध्ये अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात होता. पाणी ओसरल्यावर मेकॅनिककडून ऑईल, फिल्टर बदलून घेतलं, धुऊन काढला, चालू झाला. वाटलं, सुटलो.

पुढं ज्वारीच्या पेरणीला वाफसा आला. सकाळी चावी फिरवली तर नुसता ‘टक’ असा एक आवाज. इंजिन हलेना. वाफसा काय कुणासाठी थांबत नाही. मेकॅनिकला बोलावलं. त्यानं दोनदा चावी फिरवली आणि सांगितलं, “सेल्फ गेला.” कुठं मीटर लावला नाही, एक नट ढिला करून बघितला नाही. साडेसहा हजाराचा नवा सेल्फ बसला. दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी परत ‘टक’.

मग पुतण्याचा मल्टिमीटर आणला आणि स्वतः बसलो. बॅटरी उभ्या उभ्या 12.6 व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. मग मीटरची एक तार बॅटरीच्या मायनस खुंटावर, दुसरी सेल्फच्या अंगावर धरली आणि पुतण्याला सेल्फ मारायला लावला. काटा अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. आला दोनच्या वर! मायनसची वायर जिथं बोल्टानं गिअरबॉक्सला आवळलेली असती, तिथं पुराचा गाळ आणि गंज. सेल्फ बदलताना वायर हलली म्हणून दोन दिवस लागली, एवढंच. बोल्ट काढला, पॉलिश पेपरनं घासला, ग्रीस लावून आवळला. वीस मिनिटं. खर्च शून्य. जुना सेल्फ परत बसवून बघितला, तोही ठणठणीत निघाला.

आता हिशोब बघा. ट्रॅक्टरचा सेल्फ मारताना दोनशे अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. जोडावर नुसता 0.01 ओहमचा अडथळा असला तरी दोन व्होल्ट तिथंच जळतात. दिवा लागतो, हॉर्न वाजतो, म्हणून आपण म्हणतो वायर चांगली हाय. दिव्याला करंट लागतो किती? सेल्फला लागतो किती?

म्हणून माझं म्हणणं एकच हाय: मोजल्याशिवाय सेल्फ बदलू नका आणि बदलू देऊ नका. मेकॅनिकलाच दोष देत नाही. आपणच त्याच्या डोक्यावर उभं राहतो, “आधी चालू करून दे” म्हणून. तो तरी काय करणार?

आवाज ऐकून निम्मं निदान होतं:

1. कट-कट-कट असा आवाज: बॅटरी उतरली, नाहीतर टर्मिनल ढिलं. सेल्फ मारताना बॅटरी साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असंल तर आधी बॅटरी चार्ज करून तपासा.
2. एकच ‘टक’: जोड खराब, नाहीतर सोलेनॉइडचे आतले संपर्क जळालेले, नाहीतर सेल्फचे कार्बन झिजलेले. जोड आधी बघा, फुकट हाय.
3. काहीच आवाज नाही: फ्यूज, चावीचा स्विच, सोलेनॉइडची बारीक वायर, नाहीतर क्लच-न्यूट्रलचा सेफ्टी स्विच.
4. सेल्फ नुसताच गरगरतो, इंजिन फिरत नाही: पिनियन गुंतत नाही, नाहीतर फ्लायव्हीलच्या रिंगचे दात गेले.

मीटर नसला तर जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा. इंजिन फिरलं तर चोर सापडला. तपासताना गिअर न्यूट्रल, ब्रेक लावलेला आणि इंजिन बंद करायचा दांडा ओढलेला पाहिजे. वायर काढताना मायनस आधी काढायची, लावताना शेवटी लावायची. सेल्फ दहा सेकंदाच्या वर दाबून ठेवू नका, मधी अर्धा मिनिट थांबा. आणि पुरात बुडालेल्या इंजिनात पाणी गेल्याची शंका असली तर सेल्फ मारूच नका.

आता खरा राग ज्याचा हाय ते सांगतो. सेल्फ लागला नाही की आपण खाली उतरतो आणि मागच्या चाकासमोर उभं राहून सोलेनॉइडवर स्क्रू ड्रायव्हर टेकवतो. ‘डायरेक्ट’ मारतो. यानं चावीही चुकवली जाते आणि सेफ्टी स्विचही. जुन्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, चावी बंद असली तरी ते पेट घेतं. गिअरमध्ये राहिला असंल तर ट्रॅक्टर तिथल्या तिथं उडी मारतो आणि मागचं चाक थेट माणसावर. पळायला जागाच नसती. पोरं हे बघून शिकतात, मोठेपणा समजतात.

सेल्फ कशासाठी निघाला? 1912 च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंगनं बनवलेला सेल्फ आला, तो हँडल मारताना माणसाचे हात मोडायचे म्हणून. आपल्या विहिरीवरच्या हँडलच्या इंजिनानं उलटा झटका दिलेला माझ्या वयाच्या लोकांना आठवत असंल. हात वाचवायला आलेली वस्तू आपण जिवावर बेतवतोय.

“रानात एकटा असतो, काय करू?” असं म्हणाल. टूलबॉक्समध्ये पॉलिश पेपर, दहा-बारा नंबरचे पाने आणि जंपर केबल ठेवा. बांधावर वीस मिनिटं गेली तर गेली.

आणि कृषी क्षेत्रातल्या शिकलेल्या मंडळींनो, मी गेलो त्या मेळाव्यांत बियाणं, खतं, फवारणी यावर दिवसभर भाषणं ऐकली. ट्रॅक्टरच्या वायरीवर अर्धा तास कुणी बोललं नाही. वाफसा हुकला तर तुमचं चांगलं बियाणं पोत्यातच राहतं. पुढच्या मेळाव्यात एक बंद पडलेला ट्रॅक्टर मधी उभा करा आणि मीटर पोरांच्या हातात द्या.

तोवर ज्यांच्या ट्रॅक्टरवर सेल्फपाशी स्क्रू ड्रायव्हर अडकवून ठेवलाय, त्यांनी तो आजच काढून घरात ठेवा.