जुन्या संगणकाला कोणते कार्ड मानवेल?

ऑक्टोबर २०२५ या एकाच महिन्यात जुन्या गेमिंग संगणकांच्या मालकांच्या हातात दोन नोटिसा पडल्या. १४ तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिला जाणारा नियमित आधार थांबवला. त्याच महिन्यात एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १००० या मालिकांमधल्या कार्डांसाठी नव्या गेमबरहुकूम ड्रायव्हर काढणे बंद केले. यापुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत या कार्डांना दर तिमाहीला फक्त सुरक्षेपुरती डागडुजी मिळणार आहे. या मालिकेतले जीटीएक्स १०६० हे कार्ड जुलै २०१६ मध्ये आले आणि पुढची कित्येक वर्षे स्टीमच्या पाहणीत जगातले सर्वाधिक वापरले जाणारे कार्ड ठरले. आपल्याकडेही ‘इंजिनीअरिंगच्या अभ्यासासाठी लागते’ असे सांगून घरात आणलेल्या असंख्य संगणकांत ते निमूटपणे फिरते आहे.

दोन नोटिसांपाठोपाठ तिसरा फटका बाजाराने दिला. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव काही महिन्यांत दुप्पट-तिप्पट झाले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणारी एचबीएम नावाची मेमरी, संगणकातली साधी डीडीआर ५ आणि ग्राफिक्स कार्डावरची जीडीडीआर या तिन्ही मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन याच तीन कंपन्या बनवतात. एक जीबी एचबीएम बनवण्यात साध्या मेमरीच्या सुमारे तिप्पट सिलिकॉन खर्ची पडते. गिऱ्हाईक मोठे, दर चढे. त्यामुळे माल तिकडे वळला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रूशियल’ या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांचा धंदाच गुंडाळण्याचे जाहीर केले. एनव्हिडियाची गोष्ट वेगळी नाही. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात तिच्या सुमारे १३० अब्ज डॉलर महसुलापैकी ११५ अब्ज डेटा सेंटरकडून आले आणि गेमिंगकडून जेमतेम साडेअकरा अब्ज. ज्या खेळाच्या कार्डांवर, नेमके सांगायचे तर दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर, २०१२ मध्ये ‘अ‍ॅलेक्सनेट’ शिकवले गेले आणि आजच्या या लाटेला सुरुवात झाली, ती कार्डे विकत घेणारा माणूस आता त्या कंपनीच्या दारातला किरकोळ ग्राहक आहे. याच तंत्राने छातीच्या एक्स-रेमधून क्षयरोग हुडकता येतो आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याला मान्यताही दिली, हे खरे. त्यामुळे या लाटेला नुसती नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण बिल कोण भरतो, तेही पाहिले पाहिजे.

या घडामोडींमुळे नेहमीचा एक सल्ला उलटला आहे. सात-आठ वर्षे जुन्या संगणकावर पैसे कशाला घालता, नवाच घ्या, असे दुकानदार सांगत आणि ते फारसे चुकीचे नसे. आता नव्या संगणकाला बहुधा नवी डीडीआर ५ रॅम लागते आणि तिथेच गणित फिसकटते. ज्याच्याकडे १६ जीबी डीडीआर ४ आधीच आहे, त्याने ती जपावी आणि फक्त कार्ड बदलावे, हा पर्याय पूर्वीपेक्षा शहाणपणाचा झाला आहे. प्रश्न एवढाच, की कोणते.

दुकानात जाण्याआधी निदान व्हावे. ताप आहे म्हणून प्रतिजैविक देत नाहीत. तसे गेम अडखळतो म्हणून लगेच कार्ड बदलत नाहीत. गेम चालू असताना कार्डाचा वापर किती टक्के आहे, ते टास्क मॅनेजरमध्ये दिसते. तो ९५च्या वर असेल तर कार्डच कमी पडते आहे. तो ६०-६५वर रेंगाळत असेल आणि प्रोसेसरचा एखादा कोअर पूर्ण भरलेला असेल, तर दुखणे प्रोसेसरचे आहे. खात्रीसाठी आणखी एक चाचणी करता येते, तीही फुकट: गेमचे रिझोल्यूशन खाली आणावे. फ्रेम वाढल्या तर कार्ड दोषी, जागच्या जागी राहिल्या तर प्रोसेसर. दुसऱ्या प्रकारच्या रोग्याला महागडे कार्ड देणे म्हणजे गुडघेदुखीवर चष्मा बदलून देणे. एएमडीच्या एएम४ मदरबोर्डवाल्यांना इथे एक सोय आहे: २०१७-१८ च्या बऱ्याच बोर्डांवर बायोस अद्ययावत करून रायझन ५ ५६०० सारखा प्रोसेसर बसतो, रॅमही तीच चालते. इंटेलच्या त्या काळातल्या बोर्डांना ही लवचीकता नाही.

धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट, एकच रॅम काडी लावून अर्ध्या वेगाने चालणारी मेमरी, एसएसडीऐवजी जुनी हार्ड डिस्क हे सारे आधी तपासून घ्यावे. पथ्याने भागत असेल तर औषध कशाला?

निदान कार्डाचेच निघाले, तरी पहिला आकडा कार्डाचा पाहू नये, मॉनिटरचा पाहावा. सामान्य नजर, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ६/६, साधारण एक मिनिट कोनाइतके अंतर वेगळे ओळखू शकते. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. २४ इंची फुल एचडी मॉनिटरचा एक ठिपका सुमारे ०.२७ मिलिमीटरचा असतो. ६० सेंटीमीटरवरून तो दीड मिनिटापेक्षा किंचित मोठा दिसतो. २७ इंची १४४० रेषांच्या मॉनिटरवर तो सुमारे १.३ मिनिट होतो आणि त्याच आकाराच्या ४-के मॉनिटरवर एक मिनिटाच्याही खाली जातो. म्हणजे टेबलावर बसून खेळणाऱ्याला ४-केचा बराचसा फायदा डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाही, आणि कार्डाला मात्र फुल एचडीच्या चौपट ठिपके रंगवावे लागतात. मध्यम किमतीच्या कार्डासाठी फुल एचडी किंवा फार तर १४४० हीच योग्य जोडी.

वेगाचेही तसेच. सेकंदाला ३० वरून ६० फ्रेम झाल्या की प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद आधी दिसते. ६० वरून १४४ वर गेल्यास सुमारे १० मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० वर जाऊन तीनसुद्धा वाचत नाहीत. डोळ्यांनी पाहून बोटाने बटण दाबायला माणसाला सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. व्यावसायिक खेळाडूला तीन मिलिसेकंदांचे मोल असेल. घरी रात्री जेवणानंतर तासभर खेळणाऱ्याला नाही.

त्याला जाचतो तो अडखळा. सरासरी ८० फ्रेम मिळत असताना मध्येच एखादे चित्र १०० मिलिसेकंद थिजते, आणि हलत्या वस्तूचा अंदाजाने पाठलाग करणारी नजर ठेचकाळते. काहींना त्याने मळमळते, डोके जड होते. म्हणून जाहिरातीतल्या सरासरीवर विसंबू नये. मधुमेहातल्या तीन महिन्यांच्या सरासरीसारखेच हे आहे: एचबीएवनसी उत्तम असते आणि रुग्ण रात्री साखर उतरून घामाने निथळतो. चांगले परीक्षक सर्वांत वाईट एक टक्का फ्रेमचा आकडा वेगळा देतात. तो पाहावा.

हा अडखळा बहुतेक वेळा मेमरी अपुरी पडल्याने येतो आणि जुन्या संगणकाचा खरा धोका इथेच आहे. कार्डाची स्वतःची मेमरी भरली की उरलेली माहिती संगणकाच्या रॅममधून पीसीआयईच्या वाटेने आणावी लागते. आरटीएक्स ५०६० टीआयची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी माहिती पुरवते. मात्र मदरबोर्डाशी ते आठच लेननी जोडले जाते. नव्या पीसीआयई ५ बोर्डावर त्या आठ लेनमधून सुमारे ३२ जीबी येतात, जुन्या पीसीआयई ३ वर फक्त आठ. हमरस्त्यावरची वाहतूक एकदम पायवाटेवर उतरवावी, तसा प्रकार. पुरेशी मेमरी असेल तोवर ही पायवाट फारशी लागत नाही. अपुरी पडली की तिच्यावाचून गत्यंतर नसते.

आता बाजाराकडे पाहावे. ५०६० टीआय एप्रिल २०२५ मध्ये दोन प्रकारांत आले: ८ जीबी ३७९ डॉलरला, १६ जीबी ४२९ डॉलरला. मे महिन्यात आलेले ५०६० फक्त ८ जीबीत, २९९ डॉलरला. एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी जूनमध्ये आले, तेही ८ आणि १६ जीबीत, २९९ आणि ३४९ डॉलरला. दोन्ही कंपन्यांनी वेगळ्या क्षमतेच्या कार्डांना एकच नाव दिले. ५०६० टीआयच्या ८ जीबी प्रकाराचे नमुने तर कंपनीने परीक्षकांना आधी पाठवलेच नव्हते. एखाद्या औषधाच्या दोन मात्रांपैकी एकीच्याच चाचण्यांचे निकाल पुढे करून दोन्ही विकावीत, तर औषध नियंत्रक गप्प बसणार नाही. इथे नियंत्रक नाही. आणि स्वस्त प्रकार कोण घेतो? ज्याचा संगणक जुना आहे, हात आखडता आहे, तोच. म्हणजे ८ जीबी जिथे सर्वांत जास्त बोचते, तिथेच ते जाऊन बसते. ५० डॉलरचा फरक आपल्याकडे १८ टक्के जीएसटी धरून पाच हजारांच्या आसपास जातो. मेमरी महागल्यावर तो आणखी वाढू शकतो. तरीही कार्डाकडून चार-पाच वर्षांची अपेक्षा असेल, तर वाचवू नये असा हाच पैसा आहे.

जुन्या बोर्डासाठी या सगळ्यांत ९०६० एक्सटीचा १६ जीबी प्रकार सर्वांत मानवणारा दिसतो. त्याला सोळा लेन आहेत, त्यामुळे पीसीआयई ३ वरही वाट दुप्पट रुंद राहते. वीज सुमारे १६० वॉट. १६ जीबीचे ५०६० टीआयही वाईट नाही. त्याचे डीएलएसएस तंत्र अधिक गेममध्ये मिळते, आणि ब्लेंडर किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याला एनव्हिडियाच लागते. इंटेलचे आर्क बी५८० २४९ डॉलरला १२ जीबी देते, कागदावर सर्वांत लोभसवाणे. पण जुन्या प्रोसेसरबरोबर ते मागे पडते, असे जानेवारी २०२५ पासून चाचण्यांत दिसले आहे. शिवाय त्याला रिसायझेबल बार ही सोय लागते, जी अनेक जुन्या बोर्डांवर नसते. जुन्या संगणकासाठी ते नको. आठच जीबीत भागवायचे असेल तर ते केवळ ई-स्पोर्ट्सचे हलके गेम खेळणाऱ्याने, डोळे उघडे ठेवून.

फ्रेम जनरेशनच्या जाहिरातींना भुलू नये. दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये बनवलेले चित्र घुसवले की हालचाल मऊ दिसते, पण बटण दाबल्यापासूनचा उशीर कमी होत नाही, थोडा वाढतोच. शिवाय या तंत्राला स्वतःची मेमरी लागते. म्हणजे पुन्हा तेच ८ जीबी.

कार्डाइतकेच लक्ष एसएमपीएसकडे हवे आणि हेच सहसा विसरले जाते. जीटीएक्स १०६० ला १२० वॉट पुरत. नवी कार्डे १४५ ते १८० मागतात. फरक फार नाही, विजेच्या बिलातही तो महिन्याला दहा युनिटांच्या आत राहील. पण कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, आठ उन्हाळे काढलेला एसएमपीएस त्यावर लिहिलेले वॉट खरोखर देतो का, हा प्रश्न आहे. आतले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उष्णतेने सुकत जातात, आणि असा एसएमपीएस मरताना मदरबोर्डालाही बरोबर नेऊ शकतो. एनव्हिडिया ५०६० साठी ५५० आणि ५०६० टीआयसाठी ६०० वॉटचा एसएमपीएस सुचवते. अनोळखी नावाच्या ७५० वॉटपेक्षा चांगल्या कंपनीचा ५५० वॉट बरा. मोलेक्सच्या तारांना जोड लावून आठ पिनचा कनेक्टर तयार करणे तर सरळ धोक्याचे. जिथे अर्थिंगच धड नाही, तिथे आधी वायरमन बोलवावा.

जुन्या विंडोजचाही विचार याच खर्चात धरावा. विंडोज १० वर घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षेची वाढीव मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. बॅटलफिल्ड ६ सारखे गेम सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय उघडत नाहीत. सातव्या पिढीचा संगणक असणाऱ्याने म्हणूनच नव्या कार्डावर मोठी रक्कम टाकू नये. जुने, वापरलेले कार्ड घेऊन दोन वर्षे काढावीत.

वापरलेल्यांत आरटीएक्स ३०६० चा १२ जीबी प्रकार जुन्या बोर्डाला चांगला जुळतो, कारण त्यालाही सोळा लेन आहेत. क्रिप्टोच्या खाणकामात राबलेल्या कार्डांची भीती अनेकांना वाटते. इथेरियमचे खाणकाम सप्टेंबर २०२२ मध्ये थांबले. त्यातून वाचून आजवर चालत असलेल्या कार्डाचे पंखे आणि थर्मल पेस्ट तपासावी, एवढेच. लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ओळखीच्या माणसाकडून, अर्धा तास जड गेम चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकटी चमकल्या तर मेमरी गेलेली समजावी. वॉरंटी बहुधा कार्डावरच्या अनुक्रमांकावर चालते, त्यामुळे तो स्टिकर शाबूत हवा आणि बिल मागून घ्यावे.

बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टात लावायची, मदरबोर्डाच्या नव्हे. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट पाहायचा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन वर्षानुवर्षे ६० वर चालवणारी घरे कमी नाहीत.