भिंतीवरील बुरशी आणि मेंदू

औरंगपुऱ्यातील आमच्या जुन्या घरी यंदाच्या श्रावणात पुस्तकांचे कपाट सरकविले, तो मागील भिंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली आढळली. सूनबाई घाबरून म्हणाल्या, "मामंजी, या बुरशीने मेंदू सडतो म्हणे!" कित्येक वाचकांच्या घरी हीच शंका निघत असेल, म्हणून या खेपेस तिचाच विचार करू.

बुरशीस संस्कृतात कवक म्हणतात व मनुस्मृतीने ते अभक्ष्यांत गणले आहे. परंतु ते केवळ अन्नावाटेच शरीरात जाते असे नव्हे. त्याची सूक्ष्म बीजे हवेत तरंगतात. प्रत्यही श्वासाबरोबर आपण ती घेतो आणि निरोगी शरीर त्यांचा नाश करते. ओलसर भिंतीचा मुख्य उपद्रव नाक, घसा व छाती यांस होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ सालच्या ग्रंथात ओल व बुरशी यांचा दम्याशी संबंध सांगितला आहे. नाक चोंदून झोप मोडली की डोके जड होते, हे खरे. परंतु भिंतीवरील बुरशीने धडधाकट माणसाचा मेंदू सडतो, यास आधार नाही.

मग भय सर्वथा मिथ्या काय? तसेही नव्हे. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेमागून आलेला म्यूकरमायकोसिस आपल्या शहराने पाहिला आहे. त्याची बुरशी भिंतीपेक्षा माती, शेणखत, कुजका पाला व शिळे अन्न यांत अधिक वाढते. रक्तातील साखर बेसुमार वाढलेली, त्यात स्टेरॉइडची औषधे, अशा देहात ती नाकावाटे गालाच्या पोकळ्यांत, तेथून डोळ्यांत व अखेर मेंदूत शिरते. रक्तवाहिन्या बंद पडून मेलेला भाग काळा पडतो. म्हणून लोक तीस 'काळी बुरशी' म्हणू लागले.

आमचे एक मधुमेही स्नेही त्या वर्षी कोविडमधून उठले आणि त्यांची दाढ व गाल ठणकू लागले. लवंगेचे तेल लावा, असे आम्हीच सांगितले. त्यात चार दिवस गेले. प्राण वाचले, पण उजवा डोळा काढावा लागला. त्यांनी आम्हांस कधी दोष दिला नाही. तेच अधिक बोचते.

तेव्हा वाचकहो, आधी गळती शोधून बुजवा; ओलीवर रंग चढविणे व्यर्थ आहे. कपाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, खिडक्या उघडा. बुरशी कोरडी झाडू नका. नाकातोंडास फडके बांधून ओल्या कापडाने पुसा. हे काम दमेकऱ्याने वा मधुमेह्याने करू नये. आम्ही स्वतः मधुमेही असल्यामुळे आमची भिंत चिरंजीवांनी पुसली. आणि मधुमेह्याचा एका बाजूचा गाल दुखला, बधिर झाला किंवा सुजला, दृष्टी दुहेरी झाली, नाकातून काळपट स्राव आला, तर घरगुती औषधांत एक दिवसही दवडू नका; तत्काळ रुग्णालय गाठा.

भिंतीस आठवडाभर सवड देता येते. डोळ्यास देता येत नाही.